जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (जन्म : ड्रेघॉर्न, स्कॉटलंड, ५ फेब्रुवारी १८४०, मृत्यू : डब्लिन, आयर्लंड, २३ ऑक्टोबर १९२१) हे स्कॉटिश पशुवैद्य होते. सायकलीला हवा भरलेला टायर प्रथम व्यवहारात आणून देणारे संशोधक म्हणून ते जगभर ओळखले जातात. १८८७ च्या अखेरीस बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यांनी घरच्या घरी असा टायर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट (एकस्व) मिळवले. मात्र त्याच तत्त्वाचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी ४३ वर्षांपूर्वीच घेतलेले असल्याचे उघडकीस आल्याने डनलॉप यांचा हक्क अल्पावधीतच रद्द ठरला. त्यांच्या नावाने पुढे प्रचंड मोठी कंपनी उभी राहिली, परंतु तिच्याशी त्यांचा संबंध जेमतेम सहा-सात वर्षेच टिकला.

बालपण आणि शिक्षण

डनलॉप यांचा जन्म आयर्शर परगण्यातील ड्रेघॉर्न या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. आपण दिवस पूर्ण भरण्याआधीच जन्मलो, त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, ही समजूत त्यांच्या मनात लहानपणापासून रुजली होती व ती आयुष्यभर कायम राहिली. प्रत्यक्षात त्यांना ८१ वर्षांचे आयुष्य लाभले. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते वयाच्या १९ व्या वर्षी पदवीधर झाले आणि काही वर्षे त्यांनी स्कॉटलंडमध्येच व्यवसाय केला.

आयर्लंडमधील व्यवसाय

१८६७ मध्ये डनलॉप आयर्लंडला गेले. तेथे डाउनपॅट्रिक या गावी त्यांनी आपले बंधू जेम्स यांच्यासह गुरांचा दवाखाना चालवला. १८७१ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा होता. पुढे त्यांनी आपले बिऱ्हाड व व्यवसाय बेलफास्ट शहरात हलवला. मे स्ट्रीट येथील त्यांचा दवाखाना १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक झाला होता. त्या काळी शहराची सारी वाहतूक घोड्यांवर चाले. त्यामुळे पशुवैद्याला कामाची वाण नव्हती. दगडी फरसबंदीवर लोखंडी धाव असलेली चाके आणि नाल ठोकलेले खूर दिवसभर आपटत असताना घोडा आणि गाडी यांना काय सोसावे लागते, हे त्यांच्याइतके जवळून पाहणारे थोडेच असतील. रबराची उपकरणे स्वतः बनवण्याचा हातही त्यांना व्यवसायामुळेच बसला होता.

तत्कालीन सायकल

डनलॉप यांच्या टायरचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळच्या सायकलीची अडचण ध्यानात घेतली पाहिजे. १८७० च्या दशकात पुढचे चाक छातीइतके उंच आणि मागचे अगदी लहान, अशी सायकल प्रचलित होती. तिच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी असे. स्वार उंचावरून तोंडावर पडण्याचा धोका मोठा होता. पण मोठे चाक लहानसहान खड्ड्यांवरून सहज निघून जात असल्याने धक्के तुलनेने कमी लागत. १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या आकाराची दोन लहान चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली रोव्हर ही सायकल बाजारात आणली. आजच्या सायकलीचा सांगाडा तोच आहे. पडण्याची भीती तिने दूर केली, परंतु चाके लहान झाल्यामुळे प्रत्येक दगडाचा हादरा हातांना आणि कण्याला थेट बसू लागला. तो कमी करण्यासाठी कारखानदारांनी सांगाड्यात निरनिराळ्या स्प्रिंगा बसवून पाहिल्या. त्यांनी सायकल जड आणि गुंतागुंतीची होई. उपाय सांगाड्यात शोधला जात होता. डनलॉप यांनी तो जमिनीला टेकणाऱ्या भागात शोधला.

मुलाची तीनचाकी

१८८७ मध्ये डनलॉप यांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. भरीव रबराच्या चाकांची त्याची तीनचाकी बेलफास्टच्या फरसबंद रस्त्यांवर फार हादरे. ही तक्रार ऐकून त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून डनलॉप यांनी प्रयोगांस आरंभ केला. त्यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली, पातळ रबरी पत्र्याची नळी करून ती तिच्या कडेवर बसवली, वरून लिननच्या कापडाचा पट्टा गुंडाळून तो खिळ्यांनी पक्का केला आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली.

प्रयोगाची रीत अगदी साधी होती. अंगणात त्यांनी प्रथम तीनचाकीचे भरीव रबराचे चाक सोडले, नंतर ही तबकडी. चाक अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचण्यापूर्वीच लवंडले; तबकडी मात्र सारे अंगण ओलांडून फाटकावर आदळली आणि उसळून मागे आली. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. डनलॉप हादरे कमी करू पाहत होते, पण या परीक्षेत त्यांना त्याहून मोठे काहीतरी सापडले होते : हवेवरचे चाक अधिक सहज धावत होते. भरीव चाक दगडावर चढते तेव्हा चाक, गाडी आणि स्वार या सर्वांना क्षणभर वर उचलावे लागते आणि त्यात खर्च झालेला जोर वाया जातो. हवेचा टायर दगडाला आपल्या अंगात सामावून घेतो; वरचा भार जवळजवळ त्याच पातळीवर पुढे जातो. सुखकर वाटणारी वस्तू वेगवानही असते, हे त्या काळच्या सायकलस्वारांना चटकन पटण्यासारखे नव्हते.

यानंतर त्यांनी तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांसाठी असे टायर तयार केले. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री चांदण्यात जॉनीने ती गाडी बेलफास्टच्या रस्त्यांवर फिरवून आणली. परत आल्यावर टायर तपासले असता त्यांवर ओरखडाही आढळला नाही.

पेटंट आणि शर्यती

डनलॉप यांनी २३ जुलै १८८८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी ते मंजूर झाले. बेलफास्टमधील एडलिन या पेढीकडून त्यांनी हवेच्या टायरसाठी योग्य अशा सायकली करवून घेतल्या. या सायकलींचे फुगीर टायर पाहून लोक प्रथम हसत.

हे हसणे १८ मे १८८९ रोजी थांबले. त्या दिवशी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावरील क्रीडास्पर्धांत विली ह्यूम हा स्थानिक सायकलपटू हवेचे टायर बसवलेली सायकल घेऊन उतरला आणि त्याने चारही शर्यती जिंकल्या. ह्यूम हा बेलफास्ट क्रूझर्स या मंडळाचा कर्णधार असला तरी त्याची गणना पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत होत नव्हती. म्हणूनच विजयाचे श्रेय माणसापेक्षा चाकांना अधिक मिळाले. लवकरच त्याने लिव्हरपूल येथील शर्यतींतही असेच यश मिळवले.

ह्यूमकडून हरलेल्या खेळाडूंत डब्लिनचे कागदाचे व्यापारी विल्यम हार्वी ड्यू क्रो यांचे पुत्र होते. स्वतः ड्यू क्रो हे खेळांचे चाहते आणि व्यवहारात मुरलेले गृहस्थ होते. मुले का हरली याची चौकशी करताना त्यांचे लक्ष टायरकडे गेले. १८८९ च्या अखेरीस डब्लिन येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली न्यूमॅटिक टायर अँड बूथ्स सायकल एजन्सी ही कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी आपले पेटंट ड्यू क्रो यांच्या स्वाधीन केले आणि त्याच्या मोबदल्यात १,५०० भाग घेतले.

थॉमसन यांचे पूर्वीचे पेटंट

कंपनी स्थापन होऊन वर्षही उलटले नव्हते, तोच १८९० मध्ये पेटंट कार्यालयाकडून धक्कादायक बातमी आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन (१८२२–१८७३) या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचे ब्रिटिश पेटंट घेतले होते; पाठोपाठ फ्रान्स आणि अमेरिका येथेही ते नोंदवले होते. थॉमसन यांनी रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे वेष्टन अशी रचना केली होती आणि १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांवर तिचे प्रयोगही करून दाखवले होते. तो शोध चालला नाही, कारण त्याला ग्राहक नव्हता. चांगले पातळ रबर फार महाग होते, सायकल अजून जन्माला यायची होती आणि घोडागाडीच्या मालकाला घोड्याचे श्रम वाचवण्यासाठी एवढा खर्च करणे परवडत नव्हते. थॉमसन यांचे चाक लोकांच्या विस्मरणात गेले.

डनलॉप यांना या पूर्वीच्या शोधाची काहीही कल्पना नव्हती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. थॉमसन १८६२ पासून एडिंबरा शहरातच राहत होते, हा मात्र एक चमत्कारिक योगायोग म्हटला पाहिजे. अज्ञान हा पेटंटच्या कायद्यात बचाव ठरत नाही. डनलॉप यांचे पेटंट निकामी झाले आणि हवेचा टायर बनवण्याचा मार्ग कोणालाही मोकळा झाला.

पंक्चरचा प्रश्न

कंपनी या संकटातून वाचली, याचे कारण डनलॉप यांच्या मूळ टायरमध्ये असलेला एक मोठा दोष होय. तो टायर दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य होते. रबरी ट्यूब कापडी आवरणात घालून, ते आवरण रिमभोवती आणि आऱ्यांमधून गुंडाळून सोल्युशनने चिकटवलेले असे. एखादा खिळा लागला की सगळे आवरण उकलायचे, ट्यूब बाहेर काढून ठिगळ लावायचे, पुन्हा सारे गुंडाळून चिकटवायचे आणि सुकेपर्यंत वाट पाहायची. रस्त्यात पंक्चर झालेल्या स्वाराला सायकल हातात धरून चालत निघण्यावाचून गत्यंतर नसे. फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथील मिशलँ बंधूंच्या रबर कारखान्यात १८८९ मध्ये एक सायकलस्वार असाच बिघडलेला टायर घेऊन आला होता. दुरुस्तीला सुमारे तीन तास लागले, रात्रभर तो सुकत ठेवावा लागला आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निकामी झाला. एदुआर मिशलँ यांनी ती सायकल स्वतः चालवून पाहिली होती. हवेच्या टायरचे सुख त्यांना कळले आणि त्याची गैरसोयही. १८९१ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ यांनी मिशलँचा सुटा होणारा टायर वापरून विजय मिळवला आणि हा प्रश्न सुटू शकतो हे सर्वांना दिसले.

ब्रिटनमध्ये त्याची उत्तरे त्याआधीच, १८९० मध्ये, दोन जणांनी दोन वेगवेगळ्या प्रकारे दिली होती. चार्ल्स किंगस्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत न ताणली जाणारी तार घातली आणि रिमला मधोमध खोलगट आकार दिला. तारेचे कडे रिमच्या काठापेक्षा किंचित लहान असल्याने हवा भरल्यावर टायर निसटत नाही. पण हवा काढून त्याची एक बाजू रिमच्या खोलगट भागात ढकलली की दुसरी बाजू काठावरून सहज बाहेर येते. विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी टायरच्या कडांना जाड गोठ दिले व ते रिमच्या आत वळलेल्या काठांखाली अडकवले. आतल्या हवेचा दाबच त्यांना तेथे घट्ट धरून ठेवी. तिसरा हिस्सा चार्ल्स वुड्स यांचा. १८९१ च्या सुमारास त्यांनी आणलेल्या व्हॉल्व्हमध्ये बारीक छिद्राच्या नळीवर रबराची नाजूक नळी चढवलेली असते. पंपाची हवा तिला बाजूला सारून आत शिरते आणि आतली हवा तिलाच छिद्रावर दाबून बाहेर पडण्याची वाट बंद करते. चकती फिरवली की सगळा व्हॉल्व्ह हातात येतो.

ड्यू क्रो यांनी धोरणीपणाने वेल्च आणि बार्टलेट यांच्या पेटंटचे हक्क कंपनीसाठी मिळवले. कंपनीचा पुढील सारा व्यापार या सुट्या भागांच्या हक्कांवर उभा राहिला. हवेच्या टायरची कल्पना थॉमसन यांची, ती लोकांपर्यंत आणण्याचे श्रेय डनलॉप यांचे, आणि सामान्य माणसाला स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येईल असा टायर वेल्च, बार्टलेट, वुड्स प्रभृतींचा, अशी वाटणी केली तर कोणावर अन्याय होणार नाही. दुकानात मात्र हे सर्व एकाच नावाने विकले गेले. वुड्स यांचा व्हॉल्व्हदेखील अनेक देशांत आजही डनलॉप व्हॉल्व्ह म्हणूनच मागितला जातो.

कंपनीशी संबंधविच्छेद

डब्लिनमध्ये रबर आणि नॅफ्था यांच्या वासाबद्दल तक्रारी झाल्याने कंपनीने टायरचे उत्पादन सायकल उद्योगाचे केंद्र असलेल्या कॉव्हेन्ट्री येथे नेले. डनलॉप स्वतः १८९२ मध्ये पशुवैद्यकाचा व्यवसाय सोडून बेलफास्टहून डब्लिनला राहायला आले होते. ते संचालक मंडळावर होते, तथापि ड्यू क्रो यांच्या वेगवान कारभाराशी त्यांचे फारसे जमले नाही. १८९५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि आपला बहुतेक हिस्सा विकून टाकला.

त्यानंतर वर्षभरातच, म्हणजे १८९६ मध्ये, अर्नेस्ट टेरा हूली या सट्टेबाज भांडवलदाराने ही कंपनी ३० लाख पौंडांना विकत घेतली आणि लगोलग ५० लाख पौंडांना लोकांपुढे विक्रीस काढली. डनलॉप यांचे नाव कंपनीच्या नावात झळकू लागले ते याच सुमारास. ज्यांचे नाव ते, त्यांच्या पदरात या प्रचंड उलाढालीतून फारसे काही पडले नाही.

रबराची वाढती मागणी

हवेच्या टायरमुळे सायकलीचा खप युरोप आणि अमेरिकेत झपाट्याने वाढला आणि त्याबरोबर रबराची मागणीही. लागवडीचे रबर तोवर बाजारात आले नव्हते. ते जंगलातील झाडे व वेली यांच्यापासून गोळा करावे लागे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगो प्रदेशात ठरवून दिलेले रबर आणण्यासाठी गावेच्या गावे वेठीस धरली गेली. कुटुंबे ओलीस ठेवणे, फटके मारणे, हात तोडणे, जाळपोळ यांनी ती राजवट कुप्रसिद्ध झाली. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट यांच्या १९०४ च्या अहवालाने तेथील अत्याचार जगापुढे आले. केसमेंट हेही जन्माने डब्लिनचेच होते. या अत्याचारांचा दोष डनलॉप यांच्याकडे जात नाही. परंतु टायरच्या इतिहासातून हे प्रकरण वगळणे योग्य होणार नाही. पुढे मलाया व सिलोन येथील मळ्यांतील रबर मुबलक येऊ लागल्यावर जंगली रबराचे महत्त्व ओसरले.

उत्तरायुष्य

डब्लिनमध्ये डनलॉप शांतपणे राहिले. तेथील एका कापडदुकानाच्या कंपनीचे ते संचालक होते. लांब दाढीचा त्यांचा चेहरा कंपनीच्या मालावर बोधचिन्ह म्हणून छापला जाई, त्यास त्यांची हरकत नव्हती. पुढे मात्र जाहिरातींतील चित्रकारांनी त्यांना उंच टोपी, चष्मा आणि काठी देऊन एखाद्या छानछोकी गृहस्थासारखे रंगवले, तेव्हा ते दुखावले गेले आणि त्यांनी कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. साधेपणाने राहणाऱ्या माणसाला आपले नाव दुसऱ्यांच्या हाती गेले हे सोसले. चेहराही जावा हे सोसवले नाही.

डनलॉप यांचे २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमधील बॉल्सब्रिज येथील निवासस्थानी निधन झाले. डीन्स ग्रेंज येथील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. हवेच्या टायरच्या इतिहासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापण्यात आले होते.

नंतरचा काळ

डनलॉप कंपनीने भारतात १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे टायरचा कारखाना सुरू केला. मराठी घरांत हे नाव टायरइतकेच गादीमुळेही परिचित आहे. फेसाळ रबराच्या गादीची ही पद्धत कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२९ च्या सुमारास, म्हणजे डनलॉप यांच्या मृत्यूनंतर, विकसित झाली. तिच्याशी त्यांचा काहीही संबंध नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात टॅमल्पाइस डोंगराच्या परिसरातील तरुणांनी भंगारातून जुन्या, जाड टायरच्या सायकली मिळवल्या आणि त्यांना मजबूत ब्रेक व गिअर बसवून डोंगरउतारावरून शर्यती लावल्या. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांच्या खटपटीतून माउंटन बाइक आकाराला आली. या सायकलींसाठी जुन्या जाड टायरचीच निवड होण्यामागे १८८७ च्या अंगणातील प्रयोगाचेच तत्त्व आहे. खडकाळ वाटेवर रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तर तो दगडांवर आपटून उडण्याऐवजी त्यांना कवटाळून पुढे सरकतो आणि पकडही चांगली राहते. हवा फारच कमी झाली, तर दगड आणि रिम यांच्या मध्ये ट्यूब चिरडून तिला दोन छिद्रे पडतात. यावर तोडगा म्हणून आता ट्यूब काढून टाकून टायरच्या आत पातळ चिकट द्रव ओततात. छिद्र पडताच तो तेथे साकळून ते बुजवतो. अशा टायरची कड रिमच्या काठावर हवाबंद बसावी लागते. तिच्या आतील न ताणले जाणारे कडे आणि रिममधील खोलगट भाग हे वेल्च यांच्याकडून आलेले आहेत.

भारतातील साध्या सायकलींवर वुड्स यांचा व्हॉल्व्ह दीर्घकाळ टिकून राहिला. हवा हळूहळू उतरत असेल तर सायकल दुरुस्त करणारा कारागीर चाक खोलण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचे बोट लावून बुडबुडा येतो का ते पाहतो. बुडबुडा आला, तर आतली रबरी नळी बदलून काम भागते. नाही आला, तर ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवावी लागते.